पकडीचा गडी

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी गाडी शहाड, आंबिवली मागे टाकून टिटवाळ्याला पोचली की निम्मा डबा रिकामा होतो. आणि त्यातून अंगारकी असली तर मग विचारायलाच नको. उतरलेली मंडळी महागणपतीच्या देवळाची वाट धरतात. कण्वाचा आश्रम इथलाच, शकुंतलेने गणपती पूजला तो इथेच, ही कथा तिथल्या फुलवाल्यापासून टांगेवाल्यापर्यंत सर्वांनी आजवर इतक्यांदा सांगितली आहे की ती आम्ही पुन्हा सांगत नाही. आमचे बोलणे देवळाविषयी नाहीच. दिवाळी सरली, भाताची कापणी-झोडणी आटोपली, खाचरे मोकळी पडली, की ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात गावोगावी जमिनीवर चुन्याच्या पांढऱ्या रेषा उमटू लागतात. दोन बांबूंवर दिवे चढतात, एक कर्णा खरखरू लागतो, आणि रात्रीच्या गारठ्यात घोंगडी-शाली पांघरून माणसे बसतात ती कबड्डी पाहायला. आमचे बोलणे आहे ते या रेषांच्या आतल्या एका माणसाविषयी.

अशा सामन्याला बसलेल्यांचे डोळे कुठे असतात ते पाहावे. मध्यरेषा ओलांडून, मांडीवर थाप मारून, दम घुमवीत एकटाच आत शिरलेला जो गडी, त्याच्यावर! आणि ते साहजिकही आहे. सातांच्या गोटात एकटा शिरणारा माणूस आपल्याला अभिमन्यूची आठवण करून देतो. त्याच्या अंगावर दिवा असतो, त्याच्या तोंडी शब्द असतो. समोरचे सातजण मुकाट असतात. नियमच तसा: दम घ्यायचा तो चढाई करणाऱ्याने. धरणाऱ्याला आवाज नाही. त्याला फक्त हात आहेत. इतिहासातही जो बोलतो त्याची नोंद राहते आणि जो धरून ठेवतो त्याची पुसून जाते, असे पुष्कळदा घडते. तेव्हा या मुक्या हातांचा इतिहास जमेल तितका मांडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

खेळ जुना, हे सांगायला नकोच. आपल्याकडे हुतूतू, बंगाल्यात हाडुडू, दक्षिणेत कुठे चेडुगुडू तर कुठे सडुगुडू, उत्तरेत कबड्डी. नावे वेगळी, पण सगळ्यांचा जीव एका श्वासात. उत्साही लेखक याचे मूळ थेट चक्रव्यूहात नेऊन भिडवतात. आम्हाला त्याची गरज वाटत नाही. पोरांना पळायला अंगण आणि धरायला हात मिळाले की असा खेळ कुठेही उगवावा. महत्त्वाचे आहे ते पुढचे. या अंगणातल्या खेळाला शिस्तीत बसविण्याचे काम प्रथम महाराष्ट्राने केले. १९१८ च्या सुमारास नियमांची जुळवाजुळव झाली, ते नियम १९२३ साली छापले गेले, आणि त्याच वर्षी बडोद्याला हिंद विजय जिमखान्याने त्या नियमांबरहुकूम मोठे सामने भरविले. सयाजीरावांचे बडोदे! कुस्ती, मल्लखांब, आखाडे यांना तिथे आश्रय होता, तेव्हा हुतूतूची पहिली शिस्तबद्ध परीक्षा तिथे व्हावी यात नवल काहीच नाही.

आता नियम म्हटला की सामान्य वाचक पान उलटतो. पण पकडीच्या गड्याचा खरा इतिहास नियमांतच आहे, म्हणून थोडा धीर धरावा अशी विनंती आहे. आज आपण कबड्डीचे जे नियम वाचतो त्यांत एक वाक्य असे आहे की चढाई करणाऱ्याचे तोंड दाबून त्याचा दम तोडता येणार नाही. दुसरे असे की त्याचा गळा आवळता येणार नाही. तिसरे, दोन पायांच्या कात्रीत त्याला धरता येणार नाही. केस धरायचे नाहीत, कपडे धरायचे नाहीत. धरायचे ते हातपाय, नाहीतर धड. मनाई कशाची होते? जे घडत असते त्याची. ही चार वाक्ये वाचली की नियम होण्यापूर्वीचे हुतूतू कसे असेल त्याचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते: कोणाचे तोंड दाबलेले, कोणाच्या मुठीत शेंडी, आणि बाहेर दोन्ही आळ्यांची हातघाई. नियमांनी पकड करणाऱ्याच्या हातून एकेक हत्यार काढून घेतले, आणि मग त्याच्यापाशी जे उरले त्यालाच आपण आज कौशल्य म्हणतो. चढाई करणाऱ्याच्या अंगावर अशी बंधने थोडी. दम सोडू नको, हद्दीबाहेर जाऊ नको, आणि निदान ती एक रेषा तरी ओलांडून ये. तिचे नावच मुळी निदान रेषा.

त्या काळी खेळाचे तीन प्रकार चालत: संजीवनी, गमिनी आणि अमर. अमर प्रकारात कोणी मरतच नसे. नुसते गुण मोजायचे. गमिनीत मेलेला गडी संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेर बसून राही. संजीवनीत मात्र आपण समोरचा एक मारला की आपला एक मेलेला उठून आत येतो. पुढे संजीवनीच टिकली आणि आज सारे जग तीच खेळते. शुक्राचार्याच्या विद्येचे नाव खेळाला देणारा तो अनाम माणूस रसिक असला पाहिजे. पण या नावाने पकडीची किंमतही बदलून गेली, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. संजीवनीत समोरचा धरला की एक गुण तर मिळतोच, शिवाय बाहेर मान खाली घालून बसलेला आपला एक सोबती उठतो. चढाईने गडी मारून आणला तरी हेच होते, खरे. तथापि चढाई हुकली तर मरणारा एकटा असतो. पकड हुकली तर हात लावलेले तिघे-चौघे एकदम बाहेर जातात. म्हणजे धरायला धावणारा माणूस नुसते स्वतःला पणाला लावीत नाही, तो शेजाऱ्यालाही लावतो.

म्हणून साखळी. सातजण उभे राहतात ते सात सुटे नसतात. दोन टोकांना दोन कोपरे, त्यांच्या आत त्यांचे जोडीदार, मग दोन्ही बाजूंची कव्हर मंडळी, आणि मधोमध एक. कोपऱ्याने जोडीदाराचा हात हातात घेतलेला असतो, तो प्रेमाने नव्हे. एकाने झेप घेतली तर दुसऱ्याला ती तळहातातून कळावी म्हणून. चढाईवाला बोनस रेषेकडे पाय टाकतो, क्षणभर त्याचे सगळे वजन एका पायावर येते, आणि तो क्षण कोपऱ्याचा. घोटा हाती लागला तर लागला. पण घोटा धरून भागत नाही. धरलेला माणूस मध्यरेषेकडे झेपावतो, हातभर लांब बोटे टाकतो; तेव्हा त्याची वाट अडवायला कव्हरचा गडी भिंतीसारखा मध्ये पडला पाहिजे. तो अर्ध्या श्वासाने उशीरा आला तर कोपऱ्याची उत्तम पकड फुकट, आणि तो लवकर आला तर चढाईवाला त्याला शिवून पळतो. जाणती मंडळी एखाद्या गड्याला ‘घाई करतो’ म्हणतात तेव्हा ती त्याच्या स्वभावाविषयी नव्हे, या अर्ध्या श्वासाविषयी बोलत असतात. प्रश्न असा की ती पकड कोणाची म्हणायची? घोटा धरणाऱ्याची, की भिंत होणाऱ्याची? पंच बोट वर करतो तो संघाचा गुण. वहीत एक रेघ पडते. त्या रेघेखाली तीन माणसे गाडलेली असतात.

बाकीचा मार्ग झपाट्याने उरकू. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखविले, त्यांत हुतूतूही होते. १९३८ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडा सामन्यांत खेळाला जागा मिळाली. १९५० साली अखिल भारतीय कबड्डी संघटना निघाली. पुरुषांचे पहिले राष्ट्रीय सामने १९५२ ला मद्रासला, स्त्रियांचे १९५५ ला कलकत्त्याला. हुतूतू हे नाव मागे पडले आणि कबड्डी पुढे आले. आम्हाला त्याची थोडी हळहळ वाटते, पण गुण मोजण्याच्या भाषेत मात्र मराठीचा एक शब्द टिकला, तो म्हणजे लोण. शंकरराव तथा बुवा साळव्यांसारख्या माणसाने सारे आयुष्य या एका खेळामागे घातले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात.

या वाटचालीत खेळाडूच्या पोटाची सोय कुठे होती? गिरणगावात. लालबाग-परळच्या चाळींत संघ होते, आणि पुढे कारखाने, रेल्वे, बँका, विमान कंपनी, पोलीस यांचेही संघ निघाले. चांगला खेळला तर मुलाला नोकरी लागे. ठाणे, कल्याण, टिटवाळा, आसनगाव या पट्ट्यातला तरुण लोकलने मुंबईला जाई तो कामालाही आणि सरावालाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्यांची धुराडी एकामागून एक थंडावत गेली आणि मैदानाला टेकू देणारी एक भिंत ढासळली. नोकरीची निवड जेव्हा दोन-चार सामने पाहून होते तेव्हा डोळ्यांत भरतो तो चढाईवाला. ज्याच्या बाजूला कोणी चढाईच करीत नाही इतका ज्याचा धाक, तो कोपरा पाहणाऱ्याला रिकामाच उभा दिसतो! त्याच्या गुणांची बेरीज कशी करणार?

हा प्रश्न केवळ आपला नाही. आपल्या पुष्कळ वाचकांची मुले-नातवंडे आज अमेरिकेतल्या विद्यापीठांत आहेत, त्यांना विचारावे. तिथल्या कॉलेजांत फुटबॉल नावाचा जो खेळ चालतो तो आपला फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू बगलेत मारून एक बाजू पुढे घुसते आणि दुसरी बाजू तिला अंगाने अडवून खाली पाडते. चढाई आणि पकडच म्हणा ना! फरक इतकाच की तिथे अडविणारे अकरा हे निराळेच असतात. चढाईची वेळ आली की ते बाकावर जाऊन बसतात. कॉलेजात खेळाडूला वर्षे मिळतात ती साधारण चार. या खेळात उत्तम कॉलेज-खेळाडूला हाइझमन नावाचा मान १९३५ पासून देतात. प्रामुख्याने अडविणारा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाडूला तो मिळाला पहिल्यांदा १९९७ साली, मिशिगनच्या चार्ल्स वुडसनला. म्हणजे बासष्ट वर्षांनी. आणि त्यालाही चेंडू घेऊन धावण्याचे काम अधूनमधून मिळाले होते म्हणून तो नजरेत भरला, असे म्हणणारे आहेत.

इलिनॉय विद्यापीठाचा डिक बटकस हा त्याच्या आधीचा. शिकागोच्या लिथुआनियन कुटुंबातला हा मुलगा १९६२ ते १९६४ अशी तीन वर्षे कॉलेजकडून खेळला. १९६४ साली हाइझमनच्या मतदानात तिसरा आला, आणि अडविणाऱ्याने तिसरे येणे हीच मोठी बातमी ठरली. पुढे १९६५ ते १९७३ तो शिकागोच्याच व्यावसायिक संघात होता. गुडघे गेले आणि खेळ संपला. १९८५ पासून कॉलेजातल्या त्याच्या जागेवरच्या उत्तम खेळाडूला त्याच्याच नावाचे पारितोषिक देतात. २०२३ साली तो वारला. गंमत अशी की चेंडू फेकणाऱ्याला फेकण्याआधीच लोळविण्याची जी करामत, तिची अधिकृत मोजणी व्यावसायिक सामन्यांत सुरू झाली १९८२ साली, आणि कॉलेजच्या सामन्यांत २००० साली! इतक्या हिशेबी देशात, जिथे माणूस किती यार्ड धावला ते इंचाइंचाने लिहून ठेवतात, तिथे अडविणाऱ्याच्या कामाला वहीत रकाना नव्हता. बटकसने कितीजणांना लोळविले याचा पक्का आकडा म्हणूनच कोणाला सांगता येत नाही.

इथे आपल्या मराठी वर्तमानपत्रांचे एक ऋण मान्य केले पाहिजे. खेळाच्या पानावर खाली कोपऱ्यात चार ओळींची कबड्डीची बातमी येते, तिचे वाक्य पिढ्यान् पिढ्या ठरलेले: अमक्याच्या चौफेर चढाया आणि तमक्याच्या भक्कम पकडी यांच्या जोरावर अमुक संघाने तमुक संघाला नमविले. या ठराविकपणाला आपण हसतो. पण नीट पाहा. त्या वाक्यात ‘आणि’ आहे. अर्धे वाक्य चढाईचे, अर्धे पकडीचे, आणि पकडीपुढेही नाव. अमेरिकेला जे कळायला २००० साल उजाडावे लागले ते आमच्या तालुक्याच्या वार्ताहराने चार ओळींत कधीच करून टाकले होते. आकडा त्याच्याही जवळ नव्हता, तरी नाव त्याने सोडले नाही.

आकडा आला २०१४ साली. त्या वर्षीच्या जुलैत प्रो कबड्डी मुंबईला सुरू झाली, दूरचित्रवाणीने मैदान उजळले, आणि प्रत्येक पकड कोणाच्या खात्यावर ते पडद्यावर दिसू लागले. आत तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना केलेल्या पकडीला दोन गुण, असाही नियम झाला. बुडत्या संघाच्या पकडवाल्याला हा मोठाच आधार. तरीही तराजू कुठे झुकतो ते आकडेच सांगतात. चढाईत प्रदीप नरवालने कारकिर्दीत १८०० च्या आसपास गुण मिळविले. पकडीत ५०० चा टप्पा पहिल्यांदा ओलांडणारा इराणचा फजल अत्राचली. तो मुंबईकडूनही खेळला आणि पुण्याकडूनही. २०२२ च्या हंगामात तो पुणेरी पलटणचा कर्णधार असताना पकडीच्या गुणांत सर्वांच्या पुढे गेला.

जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला राष्ट्रीय सामने झाले, त्यांत महाराष्ट्राने सेनादलाला ३४–२९ असे हरवून बऱ्याच वर्षांनी अजिंक्यपद परत आणले. कर्णधार रिशांक देवाडिगा, चढाईचा वाघ. त्याच संघात आमच्या ठाणे जिल्ह्याचा गिरीश इरनाक होता, डावा कोपरा. दोघेही त्याच वर्षी आशियाई खेळांसाठी जाकार्ताला गेले. १९९० पासून सलग सात वेळा भारताने तिथले सुवर्णपदक घेतलेले. आठव्या वेळी उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७–१८ असे हरविले. भारताच्या सगळ्या चढाया, सगळ्या पकडी आणि बाकीचे मिळून अठरा गुण! इराणी मुले आखाड्यांच्या देशातून आलेली, त्यांची बोटे घोट्यावर बसली की सुटत नव्हती. कबड्डी शिकायला ती आपल्याकडे आली होती, आणि पकड मात्र आपल्यालाच शिकवून गेली.

दुसऱ्या दिवशी स्त्रियांचा अंतिम सामना होता. तिथेही इराणने भारताला २७–२४ असे हरविले. इराणच्या त्या मुलींच्या मागे उभी असलेली प्रशिक्षिका आपल्या नाशिकची, शैलजा जैन. नाशिकमध्ये वर्षानुवर्षे मुलींना कबड्डी शिकविलेली ही बाई परक्या देशात, परक्या भाषेत, डोक्यावर रुमाल बांधून तोच खेळ शिकवीत होती. त्या दिवशी भारतीय म्हणून आपल्याला वाईट वाटले आणि मराठी म्हणून मान ताठ झाली; दोन्ही एकदम कसे वाटावे हा पेच ज्याने त्याने सोडवावा.

मग २०२३ चा ऑक्टोबर, चीनमधले हांगझोऊ, पुन्हा आशियाई खेळांचा अंतिम सामना, पुन्हा इराण. भारताच्या संघात अहमदनगरचा अस्लम इनामदार आणि नाशिकचा आकाश शिंदे. शेवटची मिनिटे, गुण २८–२८. भारताचा पवन सेहरावत चढाईला गेला आणि कोणालाही न शिवता बाजूच्या राखीव पट्ट्यात उतरला. त्याला रोखायला इराणचे गडी त्याच्यामागे त्याच पट्ट्यात धावले. हा पट्टा म्हणजे मोठी मजेची जागा आहे. चढाईवाल्याचा कोणाशी स्पर्श झाला तरच तो अंगणाचा भाग होतो, नाहीतर तो बाहेरचा. मग बाद कोण? एका नियमाप्रमाणे पट्ट्यात शिरलेले सगळेच, चढाईवाला आणि त्याच्यामागे धावलेले पकडवालेही. दुसऱ्या, नव्या नियमाप्रमाणे एकटा चढाईवाला. पंचांनी निर्णय दिला, फिरविला, पुन्हा फिरविला. दोन्ही संघ अंगणात बसून राहिले. सुमारे तासभर खेळ थांबला. अखेरीस भारत ३३–२९ असा जिंकला. त्या तासाभरात साऱ्या आशियाचे डोळे, बहुधा प्रथमच, चढाईवाल्याला सोडून त्याच्यामागे धावलेल्या माणसांच्या पायांकडे लागले होते.

त्याच सुमारास प्रो कबड्डीचा लिलाव झाला. सर्वांत मोठी बोली, दोन कोटी साठ लाखांची, पवनवर लागली. तिच्या खालोखाल रक्कम पडली ती इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईवर, दोन कोटी पस्तीस लाख. शादलुई चढाईही करतो, पण त्याची खरी जागा डावा कोपरा. त्याला घेतले पुण्याने. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला अस्लम इनामदारच्या पुणेरी पलटणने हरियाणाला २८–२५ असे नमवून पहिले अजिंक्यपद मिळविले. अंतिम सामन्यात अवघे अठ्ठावीस गुण! म्हणजे बहुतेक वेळ दोन्हीकडचे चढाईवाले रेषेपाशी घुटमळत होते, आणि आत सातजण हातात हात घालून वाट पाहत उभे होते.